काय मागायचं सोडून दिलंत?

पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, "तुमच्या मित्रमैत्रिणींबद्दल तुम्ही समाधानी आहात का?" उत्तर "हो" असंच येतं. लगेच येतं. "हो तर! सगळे आहेत की." गेल्या काही महिन्यांत हे उत्तर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता मला त्या 'लगेच'ची काळजी वाटायला लागली आहे.

निमित्त भाचीचं. ती मानसशास्त्रात एम.ए. करते आहे आणि प्रकल्पासाठी तिने प्रौढांच्या मैत्रीतलं समाधान हा विषय घेतला आहे. कॉलेजातल्या मुलांच्या मैत्रीवर अभ्यास करणं सोपं, कारण ती वर्गातच सापडतात. तिला हवी होती तिशीपासून पंच्याहत्तरीपर्यंतची माणसं, आणि तशी माणसं माझ्याकडे भरपूर. काही जुन्या ठाण्यातल्या नौपाड्यातली, जिथे मी लहानाची मोठी झाले, आणि काही घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली. "मावशी, तू फक्त ओळख करून दे, बाकीचं मी बघते," असं ती म्हणाली होती. पण ओळख करून देऊन लगेच उठायची पद्धत आपल्याकडे नाही. मी बसायचे, चहा व्हायचा, फॉर्म भरून व्हायचा, आणि खरं बोलणं त्यानंतर सुरू व्हायचं.

फॉर्म साधाच. एक विधान, त्याच्यापुढे १ ते ७ आकडे. विधान किती पटतं ते अशा पायऱ्यांवर विचारायची रीत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. पुढे १९८५ मध्ये एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्याबद्दलचं समाधान मोजायला पाच विधानांची, सात पायऱ्यांची मोजपट्टी केली, जी आजही जगभर वापरतात. मैत्रीसाठीही वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मॉर्टन मेंडेलसन आणि फ्रान्सिस अबाउड यांनी १९९९ मध्ये केलेली प्रश्नावली त्यातली एक. मैत्री आपल्यासाठी सहा कामं करते असं ती धरून चालते. सोबतीत मजा येणं, अडीनडीला मदत, मनातलं बोलता येणं, काहीही झालं तरी मैत्री टिकेल हा भरवसा, आपण बरे आहोत असं वाटायला लावणं, आणि घाबरल्या वेळी मिळणारा धीर. ही यादी वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. माझ्या एकेका मैत्रिणीला त्या सहा ओळींपुढे उभं करून बघत होते. मजेसाठी अनेक जणी निघाल्या. शेवटच्या ओळीशी आले तेव्हा रांग अगदी छोटी झाली होती.

म्हणून आधीच सांगते, मोजायला माझा विरोध नाही. "मैत्री काय मोजायची गोष्ट आहे का!" असं म्हणणारे बरेच भेटले, आणि ते प्रेमानेच म्हणत होते. पण आपण मोजतोच. कोण लग्नाला आलं, हॉस्पिटलात कोण येऊन बसलं, कोणी नुसता मेसेज टाकला, हे सगळं आपल्या डोक्यात नोंदलेलं असतं. भाचीच्या फॉर्मने ते कागदावर आणलं एवढंच. माझा प्रश्न आहे तो आकडा वाचायचा कसा याचा.

आमच्याच मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर फोर्टातल्या बँकेत नोकरी. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली, त्याच ३४ किलोमीटरवर काकांची सगळी मैत्री झाली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले आठ-दहा जण. पत्ते, भजनं, दसऱ्याला डब्याची पूजा, कोणाच्या मुलीला स्थळ बघायचं तर तीही चर्चा तिथेच. चौथ्या सीटवर कसंबसं टेकलेल्याने अर्धी वाट सरली की उठायचं आणि दुसऱ्याला बसू द्यायचं, हा त्यांचा अलिखित नियम. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना त्यांनी विचारलं, की नव्याने भेटलेल्या माणसाबरोबर किती वेळ गेला आणि आता नातं कुठवर आलंय. साधारण ५० तासांत ओळखीचा जुजबी मित्र होतो, ९० च्या आसपास मित्र, आणि जिवाभावाचा व्हायला २०० तासांच्या वर लागतात. नुसतं शेजारी बसून काम केल्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. थट्टामस्करीचे, मनमोकळ्या बोलण्याचे पडतात. ठाणे ते सीएसएमटी एका दिशेचा तासभर धरला, तर काकांचे दोनशे तास आठ-नऊ महिन्यांत भरले असतील. आणि अशी त्यांची पस्तीस वर्षं.

काकांनी फॉर्ममध्ये सगळीकडे सहा लिहिलं. एका ठिकाणी सात.

फॉर्म पिशवीत गेल्यावर ते सांगायला लागले. निवृत्तीनंतर ग्रुप व्हॉट्सॲपवर आहे. सकाळी सगळ्यांचे नमस्कार येतात. एकजण बदलापूरला मुलाकडे गेला, एक पुण्याला, एकाचे गुडघे गेले. भेटायचं भेटायचं म्हणतात. "पण तक्रार नाही हं," काका म्हणाले. "या वयात अजून काय पाहिजे माणसाला?"

त्या वाक्यात सगळं आलं असं मला वाटतं. लेटिशिया ॲन पेप्लो आणि डॅनियल पर्लमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एकटेपणाची जी व्याख्या केली, ती आज या क्षेत्रात पायाभूत मानतात. माणसाला जशी नाती हवी असतात आणि जशी त्याला मिळतात, त्यांच्यातलं अंतर म्हणजे एकटेपणा. किती माणसं भोवती आहेत यावर ते ठरत नाही. घरात एकटा राहणारा माणूस एकटा नसेल, आणि भरल्या घरातला असेल. व्याख्या मला पूर्ण पटते. पण समाधान म्हणजे हेच अंतर कमी असणं, असं म्हटलं की पुढची गोष्ट आपोआप येते. अंतर दोन बाजूंनी कमी होतं. जे मिळतं ते वाढलं तर होतं, आणि जे हवं ते कमी केलं तरी होतं. फॉर्मवर दोन्ही वेळा सहाच उमटतो.

प्रौढ वयातली मैत्री मोजणाऱ्याने सर्वांत जास्त सावध इथेच राहिलं पाहिजे. विशीत आपण मैत्रीकडून सगळंच मागतो, आणि मिळालं नाही की भांडतो. चाळिशी येईतो एकेक मागणं गळायला लागतं. रोज भेटणं जातं. मग वाढदिवसाला भेटणं जातं, फोन जातो. कोणी काढून घेत नाही, आपणच म्हणतो, "तिलाही तिचं घर आहे." हा समजूतदारपणा असतो, आणि त्याचं कौतुकही होतं. पण त्याच समजूतदारपणात मोजपट्टी आखूड होत जाते आणि मोजणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

उलटं उदाहरणही भेटलं. कोलशेतला राहणारी, ऐरोलीच्या आयटी पार्कात जाणारी तिशीतली एक मुलगी. हिच्या मैत्रिणी हिच्यासाठी रात्री दोन वाजता रिक्षा करून आलेल्या आहेत. दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी असतात. तिने जागोजागी तीन लिहिलं. का, तर तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण लग्न ठरल्यापासून तुटक वागते. ती सांगताना रडली. भाचीच्या तक्त्यात ही मुलगी असमाधानी आणि आमचे काका समाधानी. मला विचाराल तर मैत्रीच्या बाबतीत त्या मुलीचं घर भरलेलं आहे. तिला अजून दुखतं, कारण ती अजून मागते आहे.

अमेरिकेत याच गोष्टीची एक बाजू आकड्यांत दिसली. तिकडच्या काही संशोधकांनी मिळून केलेला प्रौढांच्या मैत्रीचा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मित्र अजिबात नाहीत असं सांगणारे अगदी थोडे निघाले, आणि मित्रांच्या संख्येबद्दल बहुतेक जण समाधानी होते. पण जितकी जवळीक हवी तितकी नाही, असं म्हणणारे ४० टक्क्यांहून जास्त होते. 'किती' आणि 'कितपत जवळ' हे प्रश्न वेगळे विचारले म्हणून हे कळलं. एकच प्रश्न विचारला असता तर सगळे समाधानी ठरून मोकळे झाले असते.

नौपाड्यातल्या आजींचं मात्र वेगळंच. त्यांचं वय ऐंशीला टेकलेलं, भाचीने ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर, पण त्यांनाच फॉर्म भरायची हौस. पहिल्याच ओळीला थांबल्या आणि म्हणाल्या, "कोणाबद्दल लिहू गं? ज्या आहेत त्यांच्याबद्दल, की ज्या गेल्या त्यांच्याबद्दल?" भाची माझ्याकडे बघायला लागली. आजी म्हणाल्या, "माझ्या दोघी मैत्रिणी गेल्या. त्यांच्यावर मी समाधानी आहे. आत्ता कोण आहे असं विचारशील तर कोणी नाही. आता आकडा तूच घाल." आकडा कोणीच घातला नाही. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला भाचीने आजींचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि तिच्या सगळ्या कामात मला ती सर्वांत मोलाची नोंद वाटते.

इथे एक सांगायला हवं. घोडबंदर रोडवर राहणारी माझ्यासारखी माणसं जुन्या ठाण्याबद्दल बोलताना फार हळवी होतात. दारं उघडी असायची, कोणी कोणाला विचारून यायचं नाही, तलावपाळीला एक फेरी मारली की दहाजण भेटायचे. हे खरंच होतं. आज कासारवडवलीहून गोखले रोडला कोणाकडे जायचं तर माजिवड्याच्या ट्रॅफिकचा अंदाज घेऊन, "घरी आहेस ना?" विचारून, परतीची वेळ ठरवून निघावं लागतं, आणि इतकं ठरवता ठरवता बेत रद्द होतो. दोन घरांत अकरा-बारा किलोमीटर आहेत, पण महिनोन्‌महिने भेट नाही. सहज येणं-जाणं संपलं की मैत्रीतली अर्धी मागणी तिथेच संपते.

पण त्या उघड्या दारांच्या काळात माझ्या आईला मैत्रिणी होत्या का, असा प्रश्न मी हल्ली स्वतःला विचारते. शेजारणी पुष्कळ होत्या. हळदीकुंकू, भिशी, भजनी मंडळ, सगळीकडे बायकाच बायका. मात्र शाळेतली जिवलग मैत्रीण लग्न होऊन धुळ्याला गेली, ती आईला पुन्हा किती वेळा भेटली असेल? फारच थोड्या. आणि शेजारणीला मनातलं सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते आळीत पोचायचं. म्हणजे सोबत होती, मदत होती. यादीतल्या तिसऱ्या ओळीपुढे, मनातलं बोलण्यापुढे, बहुधा रिकामी जागा होती. तिला हा फॉर्म दिला असता तर तिने सात लिहिले असते, आणि "बायकांना अजून काय पाहिजे" असंही म्हणाली असती. तेव्हा मागणं आखूड होण्याला फक्त अंतर आणि ट्रॅफिक कारण नाही. काहींना मागायला कधी शिकवलंच गेलं नाही.

आपल्या सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात त्याची. तिच्या वर्गवारीत गप्पागोष्टी, सामाजिक कामातला सहभाग आणि धार्मिक आचरण हे सगळं एकाच मोठ्या शीर्षकाखाली येतं. आंतरराष्ट्रीय वर्गवारीच तशी आहे. मला आधी ते खटकलं, मग आई आठवली. तिच्या भजनी मंडळातल्या दोन तासांत देव किती आणि मैत्रिणी किती, हे वेगळं करून सांगणं तिलाही जमलं नसतं. पाहणी मिनिटं सांगू शकते. त्या मिनिटांत कोण कोणाच्या जवळ आलं, ते तिचं कामच नाही.

भाचीची अजून एक कल्पना होती. दोन मैत्रिणींनी एकमेकींबद्दल वेगवेगळा फॉर्म भरायचा आणि आकडे शेजारी ठेवून बघायचे. त्यामागे कारण होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका वर्गातल्या विद्यार्थ्यांना, कोण तुमचा मित्र आणि तो तुम्हाला मित्र म्हणेल का, असं दोन्ही विचारलं होतं. ९४ टक्के वेळा 'तोही म्हणेल' अशी खात्री होती. प्रत्यक्षात दोन्हीकडून जुळलेली मैत्री निघाली ५३ टक्के. हे वाचून भाची उत्साहात होती. आमच्या सोसायटीतल्या सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांपुढे तिने हे मांडलं, आणि पहिल्यांदाच सगळ्या जणी नाही म्हणाल्या. एकीने बाजूला घेऊन मला सांगितलं, "मी माझं लिहीन. तिने काय लिहिलं ते मला कधी सांगू नका." मी भाचीला तो भाग सोडून द्यायला सांगितलं. ती थोडी हिरमुसली, पण तिने ऐकलं. ज्ञानापायी कोणाची चालायची सोबत मोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्नांचा क्रमही उत्तर बदलतो. १९८८ मध्ये फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या मुलांना आधी प्रेमाबिमाच्या भेटीगाठींबद्दल विचारलं आणि मग एकूण सुखाबद्दल, तर दोन्ही उत्तरांचा घट्ट संबंध दिसला. क्रम उलटा केला तर जवळजवळ नाहीसा झाला. पुढे इतरांना तो परिणाम इतका ठळक मिळाला नाही. आमच्या बैठकींत मात्र हे डोळ्यांना दिसत होतं. शेवटचं कधी भेटलात, हे आधी विचारलं की पुढच्या समाधानाच्या प्रश्नाला माणसं पेन हातात धरून थांबत.

हल्ली या विषयाकडे सरकारांचंही लक्ष गेलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजार आहेत. लक्ष गेलं हे चांगलंच. तरी मित्र असले की आयुष्य वाढतं, म्हणून मित्र करा, ही भाषा मला सोसत नाही. काकांना त्यांचे गाडीतले मित्र रक्तदाबासाठी नको आहेत.

मग मी भाचीला म्हटलं, अगं, शेवटी एक प्रश्न माझा घाल. आकडे नकोत, दोन ओळी रिकाम्या ठेव. प्रश्न असा: मित्रमैत्रिणींकडून पूर्वी मागत होता, पण आता मागायचं सोडून दिलंत, असं काय आहे? तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की याला गुण देता येणार नाहीत, पण ठेवायला हरकत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ लोक या प्रश्नाशी थांबले. काकांकडे आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, "रागावणं. माझ्यावर हक्काने रागावणारं आता कोणी नाही. डब्यात एक जण होता, उशीर झाला की शिव्या घालायचा." एका बाईंनी लिहिलं, "पैसे." नड असली तरी मैत्रिणीकडे मागत नाही, बँकेकडे जाते. एका गृहस्थांनी लिहिलं, "माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकणं." चालायला येणाऱ्या एकीने लिहिलं, "माझ्या घरी राहायला येणं." कोलशेतच्या त्या मुलीने ओळ कोरी ठेवली आणि म्हणाली, "मी अजून काहीच सोडलेलं नाही."

माझी शाळेपासूनची मैत्रीण खारघरला असते. ठाण्याहून पनवेलची गाडी थेट जाते, पाऊण तासात खारघर येतं. मला घरून ठाणे स्टेशन गाठायलाच कधीकधी तेवढा वेळ लागतो. आम्ही भेटतो वर्षातून एकदा-दोनदा, फोनवर बोलतो, आणि दोघीही हे छान चाललंय असं मानतो. भाचीने तिलाही फॉर्म पाठवला होता. तिने माझ्यासमोर मोठ्या झोकात सात सांगितले होते. नवा प्रश्न आल्यावर मी तिला स्वतः फोन केला आणि विचारला. ती पहिल्यांदा म्हणाली, "काही नाही गं, तू आहेसच की." मी गप्प राहिले. मग ती म्हणाली, तिच्या बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी येऊन चार दिवस राहावं असं तिला फार वाटत होतं, पण माझ्या मुलीची बारावी होती म्हणून ती बोलली नाही. त्यानंतर मग कशासाठीच "ये" म्हणाली नाही. मला विचारायची सवयच गेली, म्हणाली.

आम्ही बराच वेळ बोललो. मी काय मागायचं सोडलं होतं तेही तिला सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आणि माझं. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "तुझ्या भाचीला सांग, माझा सातचा आकडा खोडायचा. चार घाल म्हणावं. आणि पुढच्या शुक्रवारी राहायला ये. रात्रीची ये, सकाळची नको."

चार ऐकून मला इतकं बरं वाटलं, की भाचीला लगेच फोन लावला. ती म्हणाली, मावशी, एकदा भरलेला आकडा असा बदलता येत नाही. मी म्हटलं, तुझ्या तक्त्यात सातच राहू दे, आमचा चार झालाय.